खेळातील प्रावीण्य आणि उच्च पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांमध्ये मी २७ वर्षे शारीरिक शिक्षण विभागात काम केले. या काळात खेळाडूंनी, त्यांच्या आईवडिलांनी, गावोगावच्या क्रीडा मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आणि दुसऱ्या विषयांच्या सहकारी प्राध्यापकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न असा, की आयुष्यभर एखादा खेळ उत्तम खेळलेल्या माणसाच्या विद्येला विद्यापीठाने पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. देऊन मान्यता का देऊ नये. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एखादा ओळखीचा चेहरा असतो. माझ्याही मनात आहे. त्यामुळे पुढची उत्तरे शक्य तितकी नेमकी, पण अलिप्तपणाचा आव न आणता लिहिली आहेत.

खेळातल्या पदव्या तर आजही आहेत. मग हा वेगळा प्रश्न कशासाठी?

आज ज्या पदव्या आहेत त्या खेळाभोवतीच्या विषयांच्या आहेत. बी.पी.एड. आणि एम.पी.एड. या पदव्या शाळा-महाविद्यालयांसाठी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवतात. क्रीडा मानसशास्त्र, क्रीडा पोषण, क्रीडा व्यवस्थापन हे विषय आपापल्या मूळ शास्त्रांच्या शाखा आहेत. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, जिला मैदानावर सगळे नुसते ‘एनआयएस’ म्हणतात, ती प्रशिक्षकाची पदविका आहे. इथला प्रश्न याहून अरुंद आणि अधिक अवघड आहे: कबड्डीतली चढाई, खो-खोतल्या खांबाजवळचा चकवा, मल्लखांबावरची पकड किंवा बुद्धिबळातला डाव यांचे जे ज्ञान खेळाडूजवळ असते, ते स्वतःच उच्च शिक्षणाचा विषय होऊ शकते का, आणि होत असेल तर त्याची परीक्षा कोणी आणि कशी घ्यायची.

राष्ट्रीय पातळीवर दहा वर्षे खेळलेल्या खेळाडूला थेट एम.ए. किंवा पीएच.डी. द्यावी का?

देऊ नये. हे उत्तर खेळाडूंना खटकते याची मला कल्पना आहे, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

पदकाने जे सांगितले आहे तेच पदवीने पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय स्पर्धेतले सुवर्णपदक हा प्रावीण्याचा दाखला आहे आणि तो विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेपेक्षा कडक परीक्षेतून मिळालेला असतो, कारण समोरचा संघ कोणाला सवलतीचे गुण देत नाही. उच्च पदवी दुसऱ्या गोष्टीची ग्वाही देते. या माणसाने आपल्या विषयातले काहीतरी अशा रीतीने मांडले आहे, की तो समोर नसतानाही दुसऱ्याला ते समजून घेता येईल, तपासता येईल, चूक असल्यास खोडून काढता येईल आणि पुढे नेता येईल, असे ती पदवी सांगत असते.

आपल्याकडे हे समजून घ्यायला आंब्याचे कलम पाहावे. कोय कलम बांधणारा कसबी माणूस रुजलेल्या कोयीचा कोवळा दांडा कापून त्याला मधोमध चीर देतो, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतो, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतो, आणि त्याच्या हातची बहुतेक कलमे जगतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात उद्यानविद्येची एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला कदाचित त्याच्या निम्मीही जगवता येणार नाहीत. तरीही पदवी विद्यार्थ्याला मिळते, कारण किती दिवसांच्या रोपावर, कोणत्या महिन्यात, किती जाडीची काडी लावली असता कलम अधिक जगते, हे तो मोजून आणि नोंदवून अशा प्रकारे लिहितो की बांदा ते बाणकोट कोणालाही ते करून पाहता यावे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून या विद्यापीठाने ‘रत्ना’ ही जात दिली, ती अशाच चिकाटीच्या नोंदींमधून.

या उदाहरणाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि विद्यापीठांना तिचा विसर पडतो. कलम बांधणाऱ्याने आधी हात दाखवला नसता, तर काय मोजायचे हेच त्या विद्यार्थ्याला कळले नसते. माझा सगळा आग्रह या दुसऱ्या बाजूसाठी आहे.

मग गायकाला, नर्तकीला विद्यापीठात मान मिळतो तो कसा? खेळाडूलाच वेगळा न्याय का?

हा या पानावरचा सर्वांत रास्त प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांमध्ये संगीत आणि प्रयोगकलांच्या अध्यापकांसाठी पात्रतेचे दोन मार्ग ठेवलेले आहेत. पहिला नेहमीचा, पदव्युत्तर पदवी आणि नेट या अध्यापक-पात्रता परीक्षेचा. दुसरा परंपरेत तयार झालेल्या किंवा व्यावसायिक कलाकाराचा, ज्यात नामवंत गुरूंकडे घेतलेली तालीम, आकाशवाणी-दूरदर्शनची श्रेणी अशा गोष्टी विचारात घेतल्या जातात. या दुसऱ्या मार्गावरही एक अट आहेच, ती म्हणजे आपला विषय तर्कशुद्ध रीतीने समजावून सांगता आला पाहिजे. म्हणजे आयोगाने कलाकाराच्या गळ्याला आणि हाताला मान दिला, पण ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावरून काढली नाही. मला ही रचना अतिशय शहाणपणाची वाटते.

त्याच विनियमांमध्ये शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी एक पर्याय असा आहे, की आशियाई किंवा राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत पदक मिळवलेला आणि किमान पदव्युत्तर पदवी असलेला खेळाडू त्या पदाला पात्र ठरतो. दार आहे, पण ते किती जणांसाठी उघडते ते पाहा. कबड्डी १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून पदकाचा खेळ झाली, म्हणून कबड्डीपटूला निदान आशा आहे. खो-खो, मल्लखांब, आट्यापाट्या यांना या दोन्ही स्पर्धांमध्ये पदकाच्या खेळाचे स्थान नाही. भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचे पहिले विश्वचषक जिंकले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते, तरी त्या विजयाने या नियमातले दार उघडत नाही. हा अन्याय खेळाडूच्या गुणवत्तेत कमतरता असल्यामुळे होत नाही. नियम लिहिताना देशी खेळ डोळ्यांसमोर नव्हते, एवढेच त्याचे कारण आहे.

संगीतात याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले आहे. हेलसिंकीच्या सिबेलिअस अकादमीत वादक किंवा गायक डॉक्टरेट करतो तेव्हा त्याच्या मैफली हाच त्याच्या संशोधनाचा मुख्य भाग असतो आणि त्यांच्याबरोबर लेखी विवेचन सादर करावे लागते. परीक्षक दोन्हींचे मूल्यमापन करतात. खेळासाठी मला नेमकी अशीच वाट हवी आहे.

शरीराला जे कळते त्यावर संशोधन कसे होणार? ते तर शब्दांत येतच नाही.

शब्दांत येते, पण फार थोड्या शब्दांत येते, आणि ऐकणारा तयार नसेल तर ते वाऱ्यावर जाते. एक प्रसंग सांगतो.

डिसेंबरची संध्याकाळ होती. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात फक्कीने मैदान आखून आमच्या महाविद्यालयाच्या संघाचा सराव चालला होता. आमचा सर्वांत चपळ चढाईपटू लागोपाठ तीन चढायांमध्ये उजव्या कोपऱ्यावरच्या रक्षकाच्या हाती घोट्यात सापडला. मैदानाच्या कडेला जांभ्याच्या गडग्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते, तरुणपणी मुंबईच्या गिरणीच्या संघातून खेळलेले. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते उठून आत आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तेच्या डोळ्यांत काय बघतंस? टाच बघ.” एवढे बोलून ते पुन्हा गडग्यावर जाऊन बसले. पुढच्या दोन चढायांत मुलगा बोनस रेषेपलीकडे, म्हणजे जादा गुण देणाऱ्या आतल्या रेषेपलीकडे, पाय टेकवून परत आला. तिसऱ्या चढाईत पुन्हा पकडला गेला.

सराव संपल्यावर मी अण्णांच्या घरी गेलो. त्यांनी खळ्यात उभे राहून मला सगळे करून दाखवले. कोपऱ्यावरचा खेळाडू घोट्यावर झेप घेतो त्याच्या आधी मागच्या पायाची टाच जमिनीवरून उचलतो, कारण भार चवड्यावर आल्याशिवाय त्याला पुढे फेकताच येत नाही. टाच उचललेली दिसली त्या क्षणी चढाईपटूचा पाय ‘निदान रेषे’च्या (चढाईत ओलांडावीच लागते त्या रेषेच्या) पलीकडे, मोकळा, एकटाच टेकलेला असेल तर उशीर झालेला असतो. टाच उचलून पुन्हा टेकली, तर समोरचा हुलकावणी देतो आहे असे समजावे आणि आणखी आत जावे. डोळ्यांनी मात्र खोटे बोलता येते, म्हणून डोळ्यांकडे बघायचे नाही. हे सारे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. अनवाणी पायांनी मातीवर खेळून खेळून ते त्यांना उमगले होते.

आता या दोन शब्दांतून किती प्रश्न निघतात ते मोजू. टाच उचलणे आणि घोटा पकडणे यांत किती वेळ जातो, आणि तो पाय मागे घ्यायला पुरतो का? हे सर्व कोपरारक्षकांच्या बाबतीत खरे आहे, की काहींच्याच? अनुभवी चढाईपटूची नजर खरोखर तिथे असते का? नजरेचा माग घेणारा चष्मा आज उपलब्ध आहे आणि त्याने हे तपासता येते. मातीऐवजी मॅटवर, अनवाणी पायांऐवजी बुटांत ही खूण तशीच दिसते, की झाकली जाते? आणि शेवटी, ही नजर नवख्या मुलाला शिकवली तर ३० सेकंदांच्या चढाईत त्याच्या खेळात फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातील संशोधक ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी १९८० च्या दशकापासून बॅडमिंटन आणि क्रिकेट यांसारख्या खेळांत असेच अभ्यास केले. फटका किंवा चेंडू पूर्ण होण्याआधीच चित्रफीत थांबवायची, पुढे काय होणार ते खेळाडूला विचारायचे, आणि निष्णात खेळाडू नवख्यापेक्षा किती आधी आणि कशावरून ओळखतो ते पाहायचे, अशी ती पद्धत आहे. कबड्डीत ही पद्धत जशीच्या तशी वापरता येईल.

प्रयोगशाळेत वाढलेल्या संशोधकाला टाचेचा प्रश्न सुचला नसता. तो प्रश्न अण्णांचा होता. उत्तर शोधून ते तपासण्याजोगे करणाऱ्याला पीएच.डी. मिळावी, आणि तो माणूस स्वतः खेळाडू असेल तर त्याला दोन पावले आधीच पुढे असण्याचा लाभ मिळावा.

बुद्धिबळ तर बुद्धीचाच खेळ आहे. त्यातल्या ग्रँडमास्टरला तरी डॉक्टरेट द्यायला काय हरकत आहे?

ग्रँडमास्टर ही स्वतःच एक पदवी आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघ ती २५०० चे मानांकन आणि तीन नॉर्म (स्पर्धांमध्ये ठरावीक दर्जाची कामगिरी) यांच्या आधारे आयुष्यभरासाठी देतो. नागपूरच्या दिव्या देशमुख यांना २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यामुळे ती थेट मिळाली. प्रावीण्याचा इतका स्वच्छ मापदंड फार थोड्या क्षेत्रांत असेल. त्याच्यावर विद्यापीठाचा शिक्का मारून काही वाढत नाही.

इतिहासही हेच दाखवतो. इमॅन्युएल लास्कर १८९४ ते १९२१ अशी २७ वर्षे जगज्जेते होते आणि गणितात डॉक्टर होते. १९३५ मध्ये जगज्जेते झालेले मॅक्स यूवे यांनीही त्याआधीच, १९२६ मध्ये, गणितात डॉक्टरेट मिळवली होती. दोघांनाही ती गणितासाठी मिळाली. पटावरच्या विजयांमुळे त्यांच्या प्रबंधाचे एक पानही कमी झाले नाही.

माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण मात्र नेदरलँड्सच्या अ‍ॅड्रिआन डी ग्रूट यांचे आहे. ते आपल्या देशाकडून बुद्धिबळ ऑलिम्पियाड खेळले होते आणि पेशाने मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी वेगवेगळ्या दर्जाच्या खेळाडूंसमोर पट मांडले आणि विचार करताना तो मोठ्याने बोलून दाखवायला सांगितले. १९४६ च्या त्यांच्या प्रबंधातून दिसले, की श्रेष्ठ खेळाडू साध्या खेळाडूपेक्षा फार जास्त चाली मोजत बसत नाही. त्याला चांगली चाल आधीच दिसते. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवले, की खऱ्या डावातली मांडणी क्षणभर पाहून श्रेष्ठ खेळाडू ती जवळपास पूर्ण आठवू शकतो, पण त्याच सोंगट्या कशाही विखुरल्या तर त्याची ही आघाडी बरीचशी ओसरते. माणसाला एखादी गोष्ट ‘येते’ म्हणजे मनात काय होते, याविषयीच्या पुढच्या संशोधनाचा मोठा भाग या बुद्धिबळाच्या पटावर उभा आहे. खेळाडूचे प्रावीण्य उच्च विद्येला काय देऊ शकते याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

परदेशात एखाद्या खेळाचीच पदवी मिळते का?

मिळाल्याचे उदाहरण आहे. दक्षिण कोरियातील म्योंगजी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘बादुक’ या पटावरच्या खेळाचा, ज्याला जग ‘गो’ म्हणून ओळखते, स्वतंत्र विभाग सुरू केला. तिथे खेळाचा इतिहास, तंत्र आणि अध्यापन शिकवले जाई. अलीकडे तो विभाग बंद करण्याचा निर्णय झाला, ही वाईट बातमी आहे. तिच्यातून मी एवढेच घेतो, की एका खेळावर विभाग उभा करताना तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पोटापाण्याचा विचार आधी करावा लागतो. कोलोनचे जर्मन क्रीडा विद्यापीठ १९४७ पासून उभे आहे, पण त्याने एका खेळावर भिस्त न ठेवता क्रीडाशास्त्राच्या सर्व अंगांना एका छपराखाली आणले.

मोठ्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट देतात. तेवढे पुरेसे नाही का?

मानद पदवी हा समाजाने केलेला सत्कार आहे आणि सत्कार म्हणून तो योग्यच आहे. पण तिच्या आधारावर अध्यापकाची नोकरी मिळत नाही, संशोधनाचे मार्गदर्शन करता येत नाही, आणि खेळाविषयीच्या ज्ञानात एका ओळीचीही भर पडत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये बंगळूर विद्यापीठाने राहुल द्रविड यांना मानद डॉक्टरेट देऊ केली होती. त्यांनी ती नम्रपणे नाकारली आणि क्रीडाक्षेत्रात काही संशोधन करून ती मिळवण्याचा प्रयत्न करीन, असे कळवले. कसोटीत १३,००० हून अधिक धावा केलेला माणूस पदवी आणि पराक्रम यांतला फरक इतक्या स्वच्छपणे ओळखतो, याचा मला मनापासून आदर वाटतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही हकिगत दर वर्षी सांगत आलो.

भारतात आज प्रत्यक्ष कोणत्या वाटा उपलब्ध आहेत?

पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे विनियम लागू आहेत. साधारणपणे ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, किंवा चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. संशोधनाला किमान तीन वर्षे द्यावी लागतात. खेळातल्या कामगिरीमुळे यातली कोणतीही अट माफ होत नाही.

ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून काम करते आहे. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८ चा आहे आणि तिथे क्रीडा प्रशिक्षण तसेच क्रीडा मानसशास्त्र यांच्या पदव्या मिळतात. तमिळनाडू आणि गुजरात या राज्यांची स्वतंत्र क्रीडा विद्यापीठे आहेत. आपल्या राज्यात महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा झाला आहे. त्या विद्यापीठात देशी खेळांना पाहुण्यासारखे कोपऱ्यात न बसवता अभ्यासाच्या मध्यभागी जागा मिळावी, असे मला वाटते.

‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही २०२२ ची योजना खेळाडूंनी आवर्जून समजून घ्यावी. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, त्यातही वरच्या पातळीवरचा अनुभव असलेल्या व्यक्तीला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय विद्यापीठात ठरावीक मुदतीसाठी शिकवता यावे, अशी तिची रचना असून मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. कोकणातल्या महाविद्यालयांनी अनुभवी प्रशिक्षकांसाठी हा मार्ग वापरून पाहायला हवा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही खेळाला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमा होणारे श्रेयांक, देण्याची सोय आहे, पण त्याचा उपयोग पदवीकडे जाताना होतो. तो संशोधनाचा पर्याय नाही.

शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रबंधांतून हे काम होत नाही का?

फार थोड्यांतून होते, आणि हे लिहिताना मला दुःख होते, कारण त्या प्रबंधांपैकी एक माझा आहे. ठरलेला नमुना असा असतो: ३० कबड्डीपटू आणि ३० खो-खोपटू घ्यायचे, त्यांच्या हाताच्या पकडीची ताकद, उभी उडी आणि लवचिकता मोजायची, टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावायची आणि दोन गटांत लक्षणीय फरक आढळला किंवा आढळला नाही असे लिहायचे. त्यात कबड्डी कुठेच नसते. खेळाडूच्या जागी पोस्टमन असते तरी प्रबंधाची रचना बदलली नसती.

मी सुरुवातीला असा प्रस्ताव घेऊन गेलो होतो, की कोकणातल्या जुन्या चढाईपटूंच्या तंत्राची त्यांच्याच तोंडून आणि त्यांच्याच अंगाने नोंद करावी. माझ्या यादीत नऊ जण होते. समितीने विचारले, यात चाचणी कोणती, नमुना किती, आकडे कुठे आहेत? खेळाडूंच्या आठवणी म्हणजे संशोधन नव्हे, असे सांगून प्रस्ताव परत पाठवण्यात आला. मी नोकरीत नवा होतो. विषय बदलला, पायांच्या ताकदीवर प्रबंध पूर्ण केला आणि नावापुढे डॉक्टर लागले. त्या नऊ जणांपैकी आता दोघे हयात आहेत. अण्णा त्या दोघांत नाहीत.

अशा पदवीची परीक्षा कशी असावी?

माझ्या मते परीक्षक तीन प्रकारचे हवेत: संशोधनपद्धती जाणणारा एक विद्वान, त्याच खेळात वरच्या पातळीवर खेळलेला एक जण, आणि तो खेळ मुलांना शिकवणारा एक प्रशिक्षक. प्रबंधाबरोबर चित्रफितींचा संग्रह असावा. तोंडी परीक्षेचा एक भाग मैदानावर व्हावा आणि तिथे उमेदवाराने आपला निष्कर्ष प्रत्यक्ष दाखवावा, आणि शक्य असेल तर एखाद्या अनोळखी खेळाडूला तो शिकवून दाखवावा. लेखी भाग मात्र कमी करू नये. खेळाडूला लिहिता येत नाही असे गृहीत धरून सूट देणे हा त्याचा अपमान आहे. त्याला लिहायला शिकवण्यासाठी एक वर्ष जादा द्यावे.

ज्या खेळात पदकच नाही, त्यातल्या प्रावीण्याचे काय?

सावंतवाडीच्या गंजिफाचे उदाहरण घेऊ. लाखेच्या रंगांत रंगवलेली ती गोल पाने आज बहुतेक लोक शोभेची वस्तू म्हणून विकत घेतात. राजवाड्याच्या आश्रयाने ती चित्रकला तगली, ही मोठीच गोष्ट झाली. पण गंजिफा हा मुळात खेळ आहे. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दशीपर्यंत अशी १२ पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. पाच रंगांत आकड्यांच्या पानांपैकी दशी वरचढ असते आणि उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटा होऊन एक्का वरचढ होतो. दिवसा खेळायला बसले तर सुरुवात रामाच्या पानाने होते आणि रात्री बसले तर कृष्णाच्या. पडलेली सगळी पाने लक्षात ठेवून, कोणत्या रंगात क्रम सरळ आणि कोणत्यात उलटा याचे भान राखत खेळणे ही स्मरणशक्तीची मोठी कसोटी आहे.

हा खेळ अस्सल खेळणाऱ्या माणसाजवळ कोणतेही पदक नसते, कोणतीही संघटना त्याला मानांकन देत नाही. तरी त्याच्याजवळ बसून एखाद्या विद्यार्थ्याने १०० डाव पानागणिक नोंदवले, तो काय लक्षात ठेवतो आणि काय सोडून देतो ते विचारले आणि त्याची मांडणी केली, तर मी त्या कामाला निःशंकपणे एम.ए.च्या योग्यतेचे म्हणेन. पान रंगवण्याच्या कलेवर लिहिलेले पुष्कळ सापडते. पान टाकण्याच्या कलेवर लिहिण्याचे काम अजून मोकळे आहे.

असा अभ्यास केल्याने खेळ पुस्तकी होणार नाही का?

होणार नाही. शास्त्रीय संगीतावर शंभर वर्षे लिहिले जात आहे आणि मैफली त्यामुळे थांबलेल्या नाहीत.

माझी मुलगी जिल्हा संघातून कबड्डी खेळते. तिने शिक्षण बाजूला ठेवून खेळाकडेच लक्ष द्यावे का?

ताई, दादा, कृपया असे करू नका. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या पदासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता खेळाडूलाही लागते. खेळण्याची वर्षे थोडी असतात आणि गुडघ्याची एक दुखापत ती आणखी कमी करते. नियमित वर्गाला बसणे जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते. तिला आजपासून एक सवय मात्र लावा: प्रत्येक सामन्यानंतर वहीत दहा ओळी लिहायच्या, कुठे पकडले गेलो, त्याआधी काय दिसले होते, काय दिसायला हवे होते. पुढे तिने संशोधन करायचे ठरवले तर त्या वह्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाच्या ठरतील, आणि नाही ठरवले तरी तिची चढाई सुधारेल.

मी दहावीच शिकलो आहे, पण ४० वर्षे वाडीतली पोरे कबड्डीत घडवली. मला विद्यापीठ काय देणार?

खरे सांगायचे तर आजच्या नियमांनी पदवी देणार नाही, आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पण तुमच्या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही प्रबंधात तुमचे नाव ज्ञानदाता म्हणून, कोणती गोष्ट तुम्ही सांगितली याच्या उल्लेखासह यायला हवे, आणि विद्यार्थ्याने तुमच्या वेळेचे मानधन द्यायला हवे. ‘एका स्थानिक प्रशिक्षकाने सांगितले’ असे लिहून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्याला घरात घेऊ नका.

त्याच्याही आधी एक काम तुमच्या हातात आहे. मोबाइल फोन स्टँडवर लावा आणि मुलांना शिकवत असताना स्वतःचे चित्रीकरण करून घ्या. एकदा समोरून, एकदा बाजूने, आणि एकदा जमिनीलगत, म्हणजे पाय नीट दिसतील. तारीख, गाव आणि खेळणाऱ्यांची नावे सुरुवातीलाच बोला. घरचे शब्द बदलू नका. तुम्ही ज्याला जे म्हणता तेच म्हणा, प्रमाण भाषेतला शब्द नंतर कोणीतरी जोडील. एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या आणि पोचपावती घ्या.

माझ्या यादीतले जे दोघे हयात आहेत, त्यांतले एक देवगड तालुक्यात राहतात. निवृत्तीनंतर मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्याकडे जातो. ते आता उभे राहून चढाई दाखवू शकत नाहीत. खळ्यात खुर्चीवर बसून ते नुसते बोटाने जमिनीवर रेषा काढतात, मुले त्या रेषेवर उभी राहतात, आणि चुकले की ते काठीने मुलाच्या टाचेला हलकेच स्पर्श करतात. आजवर अशी १४ तासांची चित्रफीत जमली आहे, आणि तिच्यातल्या बहुतेक भागात कॅमेरा पायांच्या उंचीवर आहे.